जिंकल्यावर सोडणं



श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढून आपण गोम्मटेश्वरांसमोर येतो, तेव्हा दम लागलेला असतो आणि नजर आपोआप वर जाते. एकाच दगडातली सुमारे ५७ फुटांची मूर्ती! ती घडवून घेणारा चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. 'वीरमार्तंड', 'समरपरशुराम' अशा त्याच्या पदव्या. इ. स. ९८१ च्या सुमारास या लढवय्याने मूर्ती करवली, ती जिंकूनही राज्य सोडणाऱ्याची.

कथा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. सगळी पृथ्वी जिंकूनही भरत चक्रवर्तीला भावांची शरणागती हवी होती. थोरला भाऊ म्हणून नमस्कार करायला बाहुबलींची ना नव्हती. मांडलिक म्हणून वाकायला मात्र होती. सैन्याचं रक्त सांडू नये म्हणून दोघांतच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध झालं. तिन्ही बाहुबलींनी जिंकली. मग हरलेल्या भरताने भावावरच चक्र सोडलं! सत्तेपायी माणूस कुठवर जातो हे पाहून बाहुबलींनी जिंकलेलं सगळं तिथेच सोडलं.

मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. वर्षभर ते उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. मनात एक सल होता, की आपण उभे आहोत ती भूमी भरताची. राज्य सुटलं होतं, 'माझं-त्याचं' सुटलं नव्हतं. भरताने येऊन वंदन केलं, तेव्हा तो सल निघाला.

चामुंडरायाचीही अशीच गोष्ट सांगतात. पहिल्या अभिषेकाला घड्यांमागून घडे ओतले, पण दूध पायांपर्यंत पोहोचेना. मग गुल्लकायज्जी नावाच्या म्हातारीने फळाच्या करवंटीतून इवलंसं दूध ओतलं आणि सगळी मूर्ती न्हाली. सेनापतीचा अभिमान उतरला. त्या अज्जीची मूर्ती आजही गोम्मटेश्वरांसमोर आहे. आणि गंमत पाहा, मूर्तीच्या पायाशी 'ही चामुंडरायाने करविली' अशा अर्थाचा मराठी लेखही आहे. मराठीतल्या जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. अभिमान उतरला, तरी नाव कोरलेलं राहिलंच!

हसू नका, आपलंही तसंच असतं. गेल्या दिवाळीत मी कपाटाच्या किल्ल्या सूनबाईच्या हाती दिल्या. चार दिवसांनी तिने डाळींच्या डब्यांची जागा बदलली आणि मी दोन दिवस घुम्यासारखी वावरले. आमच्या बी.कॉम.च्या भाषेत सांगायचं, तर खातं तिच्या नावावर केलं, पण सहीचा अधिकार माझ्याकडेच ठेवला. तिने एका शब्दाने विचारलं नाही, पण तिचा चेहरा मला दिसत होता. स्वतःच्या घरात तिला पाहुणीसारखं वागावं लागत होतं.

तिसऱ्या दिवशी मीच स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "अगं, मूगडाळ कुठे ठेवलीस?" तिने हसून डबा पुढे केला.

वर्षभर उभं राहण्याची ताकद आपल्यात कुठली! पण एवढं तरी जमावं.