मधाचा मुलूख कसा ओळखतात?

बाटलीवर गावाचे नाव छापणे सोपे. ते नाव मधातूनच वाचून काढण्याची विद्या मात्र सव्वाशे वर्षांत घडत आली. १८९५ साली स्वित्झर्लंडमध्ये फिस्टर यांनी मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचा मुलूख ओळखण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे १९५३ साली महाबळेश्वरच्या डोंगरांतील मधुवनस्पतींच्या परागांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. परंतु मध बारीक गाळला की पराग निघून जातात, म्हणून रसायनशास्त्राकडे वळावे लागले. १९७८च्या सुमारास कार्बनच्या समस्थानिकांवरून ऊस-मक्याच्या साखरेची भेसळ पकडता येऊ लागली. तांदळाचा पाक या परीक्षेतून निसटतो, कारण भात आणि बहुतेक मधुवनस्पती कार्बन एकाच पद्धतीने बांधतात. मग मधातील शेकडो घटकांचा एकत्रित ठसा घेणारी एनएमआर चाचणी आली. भारताने २०२० साली अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी ती सक्तीची केली. त्याच वर्षी सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपासलेल्या १३ ब्रँडांपैकी १० या चाचणीत नापास झाले.

तरीही कोणतेही यंत्र थेट ‘नाशिक’ असे सांगत नाही. त्याला कळतो तो खडक, पाणी आणि फूल. गाव ठरते ते ठिकाण माहीत असलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण खडकातून माती, झाड आणि मधापर्यंत जवळपास जसेच्या तसे पोहोचते. नाशिकचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट पूर्व विदर्भातील कितीतरी जुन्या ग्रॅनाइटी खडकांपासून यावरून वेगळा काढता येतो. साताऱ्यापासून काढणे कठीण, कारण तिथेही बेसाल्टच आहे. तिथे फुलांची साक्ष लागते. नाशिक जिल्ह्यात बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या डेंगळ्यांवर मधमाश्या जातात आणि कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम असाधारण जास्त असते. पण ही खूण कांद्याची आहे, नाशिकची नव्हे. एकाच खुणेवर निवाडा करता येत नाही, तो याच कारणाने.

शुद्धता तपासली की पुरे, असे कोणी म्हणेल. पण परमुलखातला शुद्ध मध सह्याद्रीच्या नावाने विकला गेला, तर शुद्धतेची चाचणी त्याला बिनबोभाट पास करील आणि फसेल तो इथला मधपाळ. पेट्या हंगामाप्रमाणे जिल्हे बदलतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशा मधात अनेक ठिकाणांच्या खुणा मिसळतात, आणि तसे असेल तर लेबलनेही तेच सांगावे. यंत्रे महाग आहेत, हेही खरे. परंतु नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-पेठच्या मधपाळाने यंत्र घ्यावे, असे कोणी म्हणत नाही. जमिनींची पाहणी जशी सरकारी खर्चाने होते, तशी तालुक्यातालुक्यातून, हंगामाहंगामाला, जागा, तारीख आणि फुलोरा नोंदवून खात्रीचे नमुने जमवण्याचे काम झाले पाहिजे. परागांच्या नोंदीला तर साधा सूक्ष्मदर्शक चालतो. हा संग्रह नसेल, तर सर्वांत महागड्या यंत्राकडेही नाशिकचा मध ताडून पाहायला काही नसेल. म्हणून खर्चाचा पहिला रुपया नमुन्यांवर पडावा, यंत्रावर नंतर.