ठिगय

अमरावतीत भाचा रात्री सर्व्हरची जुळवाजुळव करत बसला होता. ‘पॅच टाकून राह्यलो,’ म्हणाला. आमच्या आईनं विचारलं, ‘म्हंजे ठिगय?’ वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, एवढं सोडलं तर म्हातारी अचूक बोलली.

इंग्रजी ‘पॅच’ म्हणजे ठिगळच. आणि संगणकात तो नुसता रूपक म्हणून आलेला नाही. पूर्वी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. भोक चुकलं की त्यावर खरोखरच तुकडा चिकटवत. पुढे 1985 मध्ये लॅरी वॉलनं जुन्या फायलीवर फक्त बदल तेवढे चढवणारा प्रोग्राम लिहिला, त्याचं नावही ‘पॅच’. लिनक्सची ठिगळं तर वर्षानुवर्षं ईमेलनं हिंडली. अशा बदलांचा हिशेब ठेवणारं गिट आलं 2005 मध्ये.

‘अपाची’ सर्व्हर 1995 मध्ये जुन्या सर्व्हरला पॅच जोडत उभा राहिला, म्हणून ‘अ पॅची’ अशी फोड सांगतात. झकास आहे, पण नाव देणाऱ्यांनी ते अपाची जमातीच्या आदराखातर घेतल्याचं सांगितलंय.

‘अन् ठिगय उसवाचं असलं तं?’ आईचा पुढचा प्रश्न. भाचा म्हणाला, ‘रिव्हर्ट. उलटं ठिगय लावतो, आजी.’