वखार, पाचर आणि माकडाची गोष्ट

सुरतेत ‘वखार’ म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला इंग्रजांची वखार आठवते. १६१३ साली जहांगीर बादशहाच्या परवानगीने ती सुरू झाली आणि १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने हत्यारबंद माणसे उभी करून ती राखली. माझ्या लहानपणी मात्र वखार म्हणजे सरपणाची वखार. वडील खानदेशातून तापीकाठच्या रेल्वेने उधन्याला आले, त्यामुळे आमची शाळा मराठी आणि वखार गुजराती. शब्द मात्र दोन्हीकडे एकच.

या लाकडालाही इतिहास आहे. सुरतेच्या दक्षिणेला डांगचे जंगल. तिथल्या सागावर इंग्रजांचा डोळा होता, कारण जहाजांना तो हवा होता. १८४२ साली त्यांनी भिल्ल राजांकडून जंगलाचा इजारा घेतला. त्या राजांच्या वारसांना आजही आहव्याच्या डांग दरबारात दरवर्षी सालियाना दिला जातो. पुढे गायकवाड सरकारने बिलीमोरा-वघई ही अरुंद रेल्वे बांधली, तीही मुख्यतः लाकडासाठी. १९६० साली डांग महाराष्ट्रात की गुजरातेत, यावर केवढा वाद झाला! चांगला साग जहाजांना आणि वाड्यांना गेला. गरिबाच्या चुलीला बाभळीचा गाठाळ ओंडका आला.

तो फोडायचे साधन म्हणजे पाचर. गुजरातीत तिला ‘फाचर’ म्हणतात, आणि दोघांच्या चालू कामात आडकाठी आणणे यालाही दोन्ही भाषांत हाच शब्द चालतो. पाचर लाकूड कापत नाही, तंतूंना बाजूला सारते. म्हणून आडव्या घावाला दाद न देणारे लाकूड उभ्या चिरेत दुभंगते. जाणता माणूस ओंडक्याच्या तोंडावरची नैसर्गिक चीर शोधतो, गाठ टाळतो आणि मगच घण उचलतो.

हे शास्त्र आम्हाला फार महाग पडले. १९८१ ची दिवाळी. अभ्यंगस्नानाच्या बंबासाठी काका अंगणात ढलप्या काढत होते. पाचर जुनी, घणाच्या माराने तिचा माथा भूछत्रासारखा पसरून कडा फाटलेल्या. एका घावासरशी कडेची कपची उडाली आणि काकांच्या उजव्या डोळ्यात शिरली. डोळा गेला. घरात सगळे दैवाला बोल लावत होते. शेजारचे सुतारकाका पाचर हातात घेऊन एवढेच म्हणाले, “भाई, या फाचरचे डोके घासायला हवे होते.” दोन मिनिटांचे काम होते ते.

मी वर्गात पंचतंत्र शिकवतो तेव्हा काका आठवतात. ‘मित्रभेदा’तली पहिलीच उपकथा लाकूड फोडण्याची आहे. सुतार अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात खैराची पाचर ठेवून जेवायला जातात, माकड ती उपटते आणि फटीत चिरडून मरते. आपण तिचे तात्पर्य सांगतो, की नसत्या उठाठेवी करू नयेत. मला त्यात सुतारांचीही चूक दिसते. ताण भरलेले लाकूड तसेच सोडून कोणी जेवायला जाते काय?

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या आवारातला कडुनिंब पडला. माजी विद्यार्थी हौसेने घरी बनवलेले यंत्र घेऊन आले. लोखंडी चॅनेलची चौकट, एका टोकाला पोलादी पाते, दुसऱ्या टोकाला ट्रकचा हायड्रॉलिक जॅक. पास्कलच्या नियमावर ब्रामाने १७९५ साली ज्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, त्याचेच हे नातवंड. पोरांचे कौतुक वाटले. पण पाहतो तो एकजण जॅकचा दांडा मारतोय आणि दुसरा ओंडका हाताने धरून बसलाय! मी काम थांबवले. एकाने दाबायचे आणि दुसऱ्याने धरायचे, इथेच बोटे जातात. मोटारीवर फिरणाऱ्या आट्याच्या शंकूचे यंत्र तर सैल बाही किंवा ओढणी क्षणात ओढून घेते. ते मी आवारात येऊच दिले नाही.

मग शाळेच्या फळ्यावर नियम लिहिले. दांडा ज्याच्या हातात, लाकूडही त्यानेच ठेवावे. बाकीच्यांनी दहा पावले दूर राहावे. डोळ्यांना चष्मा हवाच. कुऱ्हाडीचा दांडा ढिला आहे का, ते आधी पाहावे. ओंडका जमिनीवर न ठेवता रुंद ठोकळ्यावर उभा करावा आणि पाय फाकवून घाव घालावा. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नये. पाचरीचा माथा पसरला की आधी घासावा. अर्धवट फुटलेला ओंडका सोडून जाऊ नये.

आता घरोघरी गॅस आहे, तरी दिवाळीत बंब पेटवणारी घरे आपल्याकडे आहेत. काकांची ती पाचर माझ्या टेबलावर कागद दाबायला असते. तिचा माथा मी कानशीने घासून गुळगुळीत केला आहे.