एकाच नावाचे दोन दावेदार

मोहने येथील प्रवासी आंबिवलीला लोकल पकडून दादरला उतरला, की डिसेंबर २०२३ पर्यंत त्याच्यापुढे एक पेच असे. ‘फलाट क्रमांक एकवर भेटू’ असा निरोप असेल, तर तो फलाट मध्य रेल्वेचा की पश्चिम रेल्वेचा? दोन्हीकडे क्रमांक एकपासूनच सुरू होत. त्या महिन्यात पश्चिम रेल्वेचे १ ते ७ क्रमांक कायम ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे क्रमांक देण्यात आले. सी भाषेतील मोठ्या प्रोग्रॅममध्ये नावांच्या बाबतीत नेमका हाच पेच उभा राहतो.

असा प्रोग्रॅम अनेक फाइलींत लिहिलेला असतो. कंपायलर एका वेळी एकच फाइल तपासतो. सर्व तुकडे शेवटी लिंकर एकत्र जोडतो. दोन फाइलींत ‘एकूण’ या एकाच नावाचे ग्लोबल चल असेल, तर विसंगती प्रथम लिंकरच्याच समोर येते. परंतु लिंकरला केवळ नावे व आकारमान दिसते, चलाचा प्रकार दिसत नाही.

जीसीसी हा प्रचलित कंपायलर आरंभीचे मूल्य न दिलेली अशी चले पूर्वी ‘कॉमन’ या सदरात टाकत असे. फोरट्रान भाषेतून आलेल्या या प्रथेमुळे लिंकर दोन्ही चले मुकाट्याने एक मानी. एका फाइलीत मूल्यासह चार बाइटांचा पूर्णांक आणि दुसरीत मूल्याविना आठ बाइटांचा ‘डबल’ असला, तरी फार तर एखादी ताकीद मिळे. प्रत्यक्षात जागा चारच बाइटांची राखली जाई. ‘डबल’ लिहिताना उरलेले चार बाइट शेजारच्या चलावर सांडत आणि चूक भलतीकडेच प्रकट होई.

मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीने ही मुभा मूळ मांडणीतून काढली. तेव्हापासून लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ अशी चूक दाखवून थांबतो आणि ‘फर्स्ट डिफाइन्ड हिअर’ या शब्दांनी पहिल्या व्याख्येची जागा सांगतो. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेले अनेक जुने प्रोग्रॅम त्यामुळे अडले. ‘एफ-कॉमन’ हा पर्याय देऊन संदेश बंद करता येतो. मात्र दोष आत तसाच राहतो.

खरा उपाय सोपा आहे. सामाईक चलाची व्याख्या एकाच फाइलीत करावी. हेडर फाइलीत ‘एक्स्टर्न’ लावून केवळ त्याची घोषणा द्यावी. एकाच फाइलीपुरते असलेले चल ‘स्टॅटिक’ करावे; मग दुसरीकडे तेच नाव असले तरी बाधा येत नाही.

एक पळवाट मात्र उरते. एका फाइलीत पूर्णांकाची व्याख्या आणि दुसरीत त्याच नावाच्या ‘डबल’ची नुसती घोषणा असेल, तर व्याख्या एकच असल्याने लिंकर आजही सहसा गप्प राहतो. यासाठी घोषणेचे हेडर व्याख्येच्या फाइलीतही समाविष्ट करावे. दोन्ही मजकूर एकत्र दिसताच कंपायलर स्वतःच विसंगती दाखवून देतो.