लिहून बोलणारा वर्ग

मूल आधी ऐकते, मग बोलते आणि पुष्कळ उशिरा लिहू लागते. भाषाशिक्षणाचा हा क्रम आपण गृहीतच धरतो. मग ज्याला ऐकू येत नाही, त्याने इंग्रजी कशी शिकावी? संगणकांच्या जाळ्यावर भाषा शिकवण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग याच प्रश्नातून उभा राहिला.

वॉशिंग्टनमधील गॅलोडेट हे कर्णबधिरांसाठीचे महाविद्यालय १८६४ मध्ये स्थापन झाले. येथील अनेक विद्यार्थी आपापसांत अमेरिकन खुणांच्या भाषेत बोलतात. या भाषेला स्वतःची रचना आहे, हे तेथीलच प्राध्यापक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. म्हणजे या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने इंग्रजी ही दुसरी भाषा होय. आणि ती त्यांना भेटे मुख्यतः कागदावर: पाठ्यपुस्तकात, निबंधात आणि निबंधावरील लाल खुणांत. इंग्रजीत थट्टा करावी, वाद घालावा, शंका विचारून लगेच उत्तर मिळवावे, अशी संधी वर्गात फारशी नसे.

वर्गाबाहेर एक वाट निघाली होती. रॉबर्ट वाइटब्रेख्त या कर्णबधिर पदार्थवैज्ञानिकाने १९६४ मध्ये टेलिप्रिंटर साध्या टेलिफोनला जोडण्याची युक्ती काढली. अक्षरांचे ध्वनिसंकेत होऊन ते तारेतून जात व पलीकडे पुन्हा अक्षरे उमटत. अशा रीतीने कर्णबधिर माणसे फोनवर लिहून बोलू लागली.

लिहून बोलणे वर्गात आणले ते गॅलोडेटमधील इंग्रजीचे प्राध्यापक ट्रेंट बॅटसन यांनी, १९८५ मध्ये. वर्गातील संगणक एकमेकांना जोडलेले असत. विद्यार्थी आपले वाक्य टाइप करी, कळ दाबी, की ते त्याच्या नावासह सर्वांच्या पडद्यावर उमटे. शिक्षकही याच संभाषणात सामील होत. तास संपल्यावर सारे संभाषण छापून घेता येई. तोंडी बोलणे हवेत विरते; हे मात्र पुन्हा वाचून तपासता येई. 'एन्फी' या नावाने हा प्रयोग पुढे ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयांतही गेला.

याचा उपयोग किती? कॅलिफोर्नियातील बर्कले येथे रिचर्ड केर्न यांनी फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची तोंडी चर्चा आणि अशाच संगणकावरील चर्चा यांची तुलना केली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. संगणकावर विद्यार्थ्यांनी दुपटीहून अधिक वेळा भाग घेतला आणि दोन ते चार पट वाक्ये रचली. कारण उघड आहे. तोंडी चर्चेत एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे थांबतात. येथे सगळे एकाच वेळी लिहितात, आणि बुजऱ्या मुलालाही वाक्य जुळवायला सवड मिळते. मात्र व्याकरणाची शुद्धता आणि विचारांची सुसंगत मांडणी यांना हे साधन तितके उपयोगी नाही, असेही केर्न यांना आढळले. उच्चार तर यातून शिकता येतच नाहीत.

तेव्हा यंत्राचे कौतुक करताना एवढे ध्यानात ठेवावे: ते व्याकरण शिकवत नव्हते, उत्तराची वाट पाहणारा माणूस ते समोर आणत होते. आपल्या वर्गात संगणक नसले, तरी चार मुलांत एक कागद फिरवून, तोंडाने न बोलता, इंग्रजीत वीस मिनिटे गप्पा मारायला सांगता येतील. लाल पेन मात्र तेवढा वेळ खिशात ठेवावे. चुका कागदावर राहतातच. दुसऱ्या दिवशी त्या मुलांबरोबर बसून पाहाव्यात.