गुणांचा तक्ता आणि वऱ्हाडची पदवी

मंडळी, अमरावती-अकोल्यात इंजिनिअर झालेल्या मुलामुलींच्या बोलण्यात हल्ली एक प्रश्न सहज येतो, ‘तुझे पॉइंट्स किती होतात?’ कॅनडाला कायमचं जायचं तर वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजतात. तक्ता अगदी निःपक्षपाती दिसतो. पण त्यातल्या रकान्यांना इतिहास आहे. आज तोच बघू.

आधी दरवाजा रंग पाहून बंद होत असे, फक्त तसं उघड म्हणत नसत. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली कायदा केला : अधिकारी ५० शब्दांचा उतारा सांगेल, येणाऱ्याने तो लिहायचा. भाषा कुठली? अधिकारी निवडेल ती, युरोपातली कोणतीही! म्हणजे इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही नापास करता येई. कॅनडाने १९०८ मध्ये अट घातली, मायदेशातून सलग एकाच प्रवासात या. हिंदुस्थानातून तशी थेट बोट मिळतच नव्हती. पुढे १९५१ मध्ये भारताला वर्षाला १५० जागा मिळाल्या. १९६२ मध्ये वंशाची अट बरीचशी गेली आणि १ ऑक्टोबर १९६७ पासून गुणांची पद्धत आली.

तेव्हा १०० पैकी ५० मिळाले की पास. शिक्षणाला २० गुण, शिकण्याच्या दर वर्षाला एक. वयाला १०, पण पस्तिशीनंतर दर वर्षी एक कापायचा. इंग्रजी-फ्रेंचला १०. आणि १५ गुण चक्क मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मतावर.

आता वऱ्हाडात या. शिक्षणाचे ते गुण आपल्या पोरांकडे आले कुठून? पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेले, शिकून परत आले आणि १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. शेतकऱ्याचं पोर शिकावं, हा ध्यास. १९६४ मध्ये अमरावतीत सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आलं, १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ, जे आज पंजाबरावांच्याच नावाने ओळखलं जातं. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित कॉलेजांना वाट दिली, तेव्हा बडनेरा आणि शेगावलाही इंजिनिअरिंग सुरू झालं. यातलं काहीच कॅनडासाठी उभारलेलं नव्हतं. पण तिकडे पदवीला भाव आला, त्याच काळात इकडे पदव्या गावखेड्यापर्यंत पोचल्या.

आणि आजचा तक्ता? कुशल कामगारांच्या मूळ योजनेत १०० पैकी ६७ लागतात. शिक्षणाला २५ आणि भाषेला २८! तेवढे भरले तरी पुढे वेगळी क्रमवारी असतेच. मराठी शाळेतून इंजिनिअर झालेलं पोरगं पदवीत मागे नसतं, ते इंग्रजीच्या परीक्षेत अडतं. भाषेचे १० होते, ते २८ झाले. पोरगं तेच, तक्ता बदलला.

हा तक्ता काय मोजत नाही, ते समजायला वर्धा नदीच्या पलीकडे जाऊ. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतकी शिकले, गदर चळवळीत पडले, म्हणून इंग्रजी राज्यात परतणं अशक्य झालं. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले, चाळिशीच्या आसपास. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. १९६७ सालीच ते नागपुरात वारले. आजच्या रकान्यांत त्यांचं काय झालं असतं? शिक्षणाचे गुण मिळाले असते, वयाचे कापले गेले असते. आणि ज्या सरकारविरुद्ध लढले, त्याच्या पोलिसांचा दाखला कुठून आणला असता?

तेव्हा मंडळी, हे गुण म्हणजे त्या देशाच्या आजच्या गरजेचा हिशेब आहे. गरज बदलली की रकाना बदलतो. कोणाचे दहा गुण कमी पडले, तर घरच्यांनी ती पोराची लायकी समजू नये. आणि ज्याचे पुरेसे भरले, त्याच्या पदवीत कापूस विकून भरलेली फी आहे, गावोगाव शाळा काढणाऱ्यांचे कष्ट आहेत. त्यांच्यासाठी त्या फॉर्मात रकाना नाही. तो हिशेब आपला आपणच ठेवायचा.