पाच नगरसेवक आणि पाण्याचा हंडा

नगरपंचायत म्हणजे गल्लीतला मामला, असे आपण सहज म्हणतो. पारनेरने हा समज जुलै २०२० मध्ये खोटा ठरवला. शिवसेनेचे ५ नगरसेवक बारामतीत अजित पवारांच्या उपस्थितीत राष्ट्रवादीत गेले. दोन्ही पक्ष तेव्हा राज्यात एकत्र सत्तेवर होते. त्यामुळे मुंबईपर्यंत धावपळ झाली आणि काही दिवसांतच पाचही जण ‘मातोश्री’वर परतले.

याचे मूळ २०१९ च्या निकालात होते. तीन वेळा आमदार झालेल्या विजय औटी यांना मूळच्या शिवसैनिक नीलेश लंके यांनी राष्ट्रवादीकडून हरवले होते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये नगरपंचायतीच्या १७ जागांत राष्ट्रवादीला ७, शिवसेनेला ६ मिळाल्या. बहुमत कोणालाच नाही. २०२४ मध्ये लंके खासदार झाले, पण सहा महिन्यांच्या आत विधानसभेला राणी लंके काशिनाथ दाते यांच्याकडून जेमतेम दीड हजार मतांनी हरल्या.

म्हणजे सेनापती बापटांच्या या जन्मगावी मतदार कोणाच्याच खिशात नाही. पक्ष बदलताना त्या पाच जणांनी कारण दिले होते शहराच्या पाण्याचे. पक्ष जागा मोजतात, घरातली बाई हंडे मोजते. पुढचा निकाल वाचताना हा दुसरा हिशेबही मांडावा.